तेविसावा खिळा

किशिनाऊच्या ट्रॉलीबस डेपोत
मी वेळा लिहितो.
गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली,
उशीर झाला तर का.
वहीत अकरा रकाने आहेत.
बारावा कधी लागला नाही.

जानेवारीत पहाटे चारला
काचांवर बोटभर बर्फ धरलेला असतो,
माशाच्या खवल्यांसारखा, चिवट.
आपली काच आपण खरवडायची, असा नियम.
येवदोकिया आपली झाली की
शेजारच्या गाडीची खरवडायची.
ती गाडी अगाफियाची.
आजारी सासऱ्याला औषध पाजून
ती धापा टाकत यायची, चाबी फिरवायची, निघायची.
तिला वाटायचं, आपली गाडी आडोशाला असते,
तिथे बर्फ कमी पडतो.

मी येवदोकियाला विचारलं, का गं?
म्हणाली, "हात गरम झालेलेच होते."

अगाफिया आली तेव्हा
चहाच्या खोलीत दाराशी उभी राहून प्यायची,
कप विसळून पिशवीत, पिशवी खांद्याला.
पाहुणीसुद्धा इतकी आवरून बसत नाही.
मग एक दिवस म्हाताऱ्या त्रोफिमने
भिंतीत खिळा ठोकला. बावीस होते, हा तेविसावा.
खाली खडूने तिचं नाव,
एक अक्षर गाळून.
तिने ते दुरुस्त केलं नाही.
कप टांगला.

त्याच आठवड्यात बाजाराच्या चढणीवर
त्रोफिमच्या गाडीचा दांडा तारेवरून निसटला.
मागची अगाफिया
हातमोजे चढवत खाली उतरली,
दोर ओढला, दांडा तारेला लावून दिला,
आणि संध्याकाळी माझ्यासमोर उभी :
चार मिनिटं उशीर.
कारण?
"वारा लिहा."
मी लिहिलं, वारा.
त्या दिवशी धूरसुद्धा सरळ वर जात होता.

मार्चमध्ये नवी कंपनी आली.
पगार वाढले, खोटं कशाला बोलू.
गाडी रोज नवी, चिठ्ठी निघेल ती.
कप कागदाचे.
चहाच्या खोलीची भिंत रंगवायची म्हणून
खिळे उपटले,
आणि रंग वाळल्यावर तिथे एक चौकट लावली :
"आपण सारे एक कुटुंब."
चौकटीसाठी मात्र
एक नवा खिळा लागलाच.

नोव्हेंबरात पहिला बर्फ धरला.
जो तो आपापली काच.
कामचुकार कुणी नव्हतं,
कुणी वाकडं बोललं नाही,
माझी वही इतकी स्वच्छ कधीच नव्हती.
अगाफिया धावत आली,
आणि खरवडत राहिली, खरवडत राहिली,
मधेच थांबून तिने
अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला पाहिलं,
जिथे येवदोकियाच्या चिठ्ठीची गाडी होती.
तेव्हा तिला कळलं असावं
की आडोसा नव्हताच.

माझंही सांगतो.
रात्रीची शेवटची गाडी निघाली की
मी पलीकडच्या टोकाला फोन करायचो,
शेगडी विझवू नका, माणूस गारठून येतोय.
आता करत नाही.
कुणी बंद कर म्हटलं नाही.
सुरू कर असंही
कुणी म्हटलं नव्हतं.
फोन अजून माझ्याच टेबलावर आहे,
मी त्याची धूळ पुसतो,
ते माझ्या कामात बसतं.

काल त्रोफिम खिडकीशी आला.
निवृत्तीला दोन महिने राहिलेत त्याला.
खिशातून रुमाल काढला,
रुमालातून एक वाकडा खिळा,
टोकाला जुन्या भिंतीचा चुना.
"हातोडी आहे का रे?"
नव्हती माझ्याकडे.

आज सुटी आहे माझी.
मी डेपोच्या मागच्या कोठारात आलोय,
जुन्या टायरांमागे, गंजक्या डब्यांत
हात घालून शोधतोय.