परत आलेला चाकू

उद्यमबागेत, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडं,
पत्र्याच्या शेडमध्ये
मी चाकूंना बोलायला शिकवतो.

म्हणजे असं, की पातं मिटताना
कमानीवर टक् वाजलं पाहिजे.
उघडताना एक, मिटताना एक.
टक् ऐवजी चक् आलं
तर कमान पुन्हा घासायची, केसाच्या निम्म्यानं.
त्याला मोजमाप नाही. माझा डावा कान आहे.
उजवा शेजारच्या प्रेसनं खाल्ला.

पात्यावर आधीच ठोकलेलं असतं:
हार्लो अँड पाइक, बेकर्स फोर्ड,
आणि खाली १८९१.
देशाचं नाव नाही. तिथलं नाही, इथलंही नाही.
मेटगुडसाहेब म्हणतात, खोटं कुठं लिहिलंय?
गाव तर हायच की नकाशात.
खोक्यावर एक दाढीवाला म्हातारा
पायरीवर बसून काठी सोलतोय.
इरण्णानं त्याचं नाव ठेवलंय अज्जा.
पगाराच्या दिवशी अज्जाला हात जोडतो
आणि स्वतःच हसतो.

मार्चमध्ये एक चाकू परत आला.
पातं सरळ, टक् खणखणीत.
तक्रार एकच:
खाचेत कागदाचा कपटा सापडला,
अनोळखी अक्षरांचा. सबब, माल नकली.
कपटाही पाठवला होता, छोट्या पिशवीत,
पोलिसांनी ठेवावा तसा.

तेल पुसायची आमची रद्दी ती.
येळ्ळूरच्या कुणाच्या तरी दहाव्याची बातमी,
नाव फाटून गेलेलं,
'सकाळी आठ वाजता' एवढं शिल्लक.
इरण्णा म्हणाला, भरमण्णा, तुमच्या अक्षरांनी घात केला.
वर दांडी, म्हणून अडकली.
आमची गोल. घरंगळून गेली असती.

शेडमध्ये सगळे हसले. मीही.
दुसऱ्या दिवसापासून रद्दी बंद,
पांढऱ्या कागदाचे रोल आले.

मला मात्र बा आठवत राहिला.
नंदगडच्या बाजारात बाच्या विळ्यावर
पाच टिंबं असायची, मुठीजवळ.
लोक लोखंड बघत नसत, टिंबं मोजत.
एका साली भातकापणीच्या तोंडावर
बाचा खांदा निखळला, भाता थंड पडला.
तेव्हा त्यानं संकेश्वराहून
चाळीस विळे आणले, कोरे,
आणि रात्री दिव्यापाशी मला बसवलं.
मी आठ वर्षांचा. छिन्नी धरली, टिंबं ठोकली,
चाळीस पंचे दोनशे.

बा, हे आपले कुठं?
बा म्हणाला, पाणी बघितलंय मी त्यांचं.
टिंबं तर आपलीच न्हवं?

एकोणचाळीस खपले, कुणी चकार काढलं नाही.
कापोलीची एक बाई एक विळा घेऊन परत आली.
म्हणाली, धार चांगली हाय,
पण ह्यो तुझा न्हवं.
कशावरून, ते तिनं सांगितलं नाही.
बानं विचारलं नाही.
उजव्या हातानं पैसे मोजून दिले
आणि त्या दिवशी लवकर दुकान आवरलं.

म्हणून मेटगुडसाहेबांवर
मला पुरतं रागावता येत नाही.
अज्जावर तर नाहीच.

परत आलेला चाकू मी मागून घेतला.
भंगारच की, ने, म्हणाले.
बायको त्यानं फणस सोडून सगळं चिरते.
मागच्या आठवड्यात नणंदेनं विचारलं, कुठला गं हा?
ती म्हणाली, ह्यांच्या कंपनीचा.

परत पाठवणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर होतं,
मला वाचता आलं नाही.
कधी भेटलाच, तर कागदाचं काढणार नाही.
एवढंच विचारीन:
पिशवीत घालण्याआधी, भल्या माणसा,
एकदा तरी कानाजवळ धरून
मिटून बघितला होतास का?