आलं ठेचायचा दगड

पुढे दालनात काचेआड मोजून बावीस वस्तू.
सहलीची पोरं त्या बघतात न बघतात, बागेत पळतात.
मागे, जिन्याखालच्या दाराआड
आमच्याकडे आहेत नऊ हजार चारशे.
नक्की तेवढ्याच का, हे सांगण्यासाठी
मला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवलंय.

डांबरगोळ्यांचा वास, एक फडफडती ट्यूबलाइट
आणि नटुभाई तडवी. त्यांचं एकच म्हणणं:
लेबल गेलं की दगड पोरका.

पुराच्या साली विश्वामित्री या खोलीत शिरली.
रस्त्यावरची मगर सगळ्या शहरानं मोबाइलवर बघितली.
इथलं कुणी बघितलं नाही.
खालचे सहा खण भरले,
आणि कच्छच्या डोंगरात कोरडे होऊन पडलेले शंख
सोळा कोटी वर्षांनी पुन्हा पाण्याखाली गेले.
दगडांना काय त्याचं. ते बसून राहिले.
लेबलं तरंगली.

नटुभाईंनी ती दोरीवर वाळत घातली,
चिमटे लावून, घरच्या धुण्यासारखी.
कुठलं कुणाचं, ते पाण्यालाच ठाऊक.

आता टेबलावर एकीकडे दगड, एकीकडे कागद,
मध्ये मी,
वधूवर सूचक मंडळ उघडून बसलेली.

लेबलं बहुतेक एकाच हातची.
कु. इंदुमती फणसे, प्रयोगशाळा सहायक.
टाकानं रेखलेलं इंग्रजी,
शाई फुटली तरी वळण शाबूत.
विचारलं, तर कुणी म्हणालं दांडिया बाजारात राहायच्या,
कुणी म्हणालं लग्न होऊन इंदूरला गेल्या,
एका म्हाताऱ्या सरांना एवढंच आठवलं
की पदर खोचून त्या सगळ्यांच्या आधी टेकडी चढायच्या
आणि हातोडा कुणाला द्यायच्या नाहीत.

चारशे सतराचा कागद सापडला.
झुरा टेकडी, उत्तर उतार, १२ डिसेंबर १९६१.
खणातल्या कापसाला गोल खळगा.
दगड नाही.
दीड महिना शोधला. पुराला शिव्या दिल्या.

मग एका दुपारी, चहाची वेळ,
नटुभाई खिडकीत आलं ठेचत होते.
हातातला दगड वळला
आणि मला कडा दिसल्या,
एकीत एक, आत आत जाणाऱ्या,
मधल्या वेटोळ्यात आल्याचे तंतू अडकलेले.

"नटुभाई, हा कधीपासून?"
"मारा पहेलां रसिकभाई हता ने, एमनो."

म्हणजे पुराच्या कितीतरी आधीपासून
परीक्षक, पाहुणे, आजवरचे सगळे विभागप्रमुख
याच्याच हातचा चहा प्यायले.
मीही, दिवसातून दोनदा.

टूथब्रशनं घासला.
पोटाखाली पांढरा ठिपका, त्यावर चार,
मग पुसलेलं काहीतरी,
मग सात. किंवा एक.
खळग्यात ठेवला. बसला.
जरा हलतो.
पण कापूस काय, कुणाच्याही वजनानं दबतो.

मला इथे विचारतात, गाव कुठलं?
बडोदं, म्हणते.
तसं नाही हो, मूळचं?
आजोबा साताऱ्याकडचं कुठलंसं नाव घ्यायचे.
बाबांना ते नीट आठवत नाही
आणि मी कधी लिहून घेतलं नाही.

संगणकात रकाने दोनच: जुळले, जुळले नाही.
बोट अधांतरी.
सहज कागद उलटा केला.
मागे शिसपेन्सिलीनं, बारीक, मराठीत:
"जागचा नव्हे. बहुधा वरून गडगडत आलेला. इं. फ."

बराच वेळ तशीच बसले.
मग तिच्या ओळीखाली, पेन्सिलीनंच:
"बहुधा हाच."
खाली सही केली, तारीख घातली,
खण लावून घेतला.

नटुभाईंना मंगळबाजारातून लोखंडी खलबत्ता आणून दिलाय.
ते वापरतात, माझा मान राखायला.
चहाला मात्र, म्हणतात, आता पहिल्यासारखी चव नाही.