नावे

फौजदार वैराळबाईंनी विचारलं, दिसायला कसा होता?
आणि मी पहिल्यांदा अडलो.

तोवर सगळं सरळ चाललं होतं.
एक लाख ब्याऐंशी हजार, लखमशी शेठची वसुली,
काळी रेक्झिनची पिशवी, चेन तुटकी,
सानपाड्याचा भुयारी मार्ग, रात्रीचे साडेआठ,
मागून धक्का.
रकमा मला तोंडपाठ असतात.
ही रक्कम तीन रात्रींत मोबाइलवरच्या रमीत गेली होती,
संडासात बसून, आवाज बंद ठेवून.

धक्क्याला चेहरा लागत नाही.
बाईंना चेहरा हवा होता.

तेवीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात मेहता आहे मी.
ओला कांदा कोरडा लिहिलाय,
गोणीमागं किलो-दीड किलो घट दाखवलीय.
ती घट कुणाच्या पोटातली,
त्याला खतावणीत रकाना नसतो.
म्हटलं, एक माणूसच तर लिहायचाय.

लिहिला.
बारीक. सावळा. विशीच्या आतला.
डाव्या भुवईत खाच, तिथं केस उगवत नाहीत अशी.
हे कुठून आलं, ठाऊक नाही.
निळा टी-शर्ट, पाठीवर दहा नंबर.
बोलताना जरा अडखळतो.
"पळता पळता बोललासुद्धा?" बाईंनी मान वर न करता विचारलं.
"शिवी दिली."
"शिवीत अडखळला?"
"हो."
त्यांनी ते लिहून घेतलं. खाली मी सही केली,
आडनावाखालची रेघ नेहमीसारखी लांब.

घरी जाऊन जेवलो. मेथीची भाजी होती.
दोन दिवस तो माणूस कुठंच नव्हता
आणि मला त्याची माया वाटायला लागली होती,
बिचारा, माझं एवढं ओझं घेऊन पळालेला,
ना आई, ना गाव, ना भूक.

तिसऱ्या दिवशी फोन आला. सापडलाय, ओळखायला या.

बाकड्यावर बिरू बसला होता.
आमच्या गाळ्यावर चहा आणतो तो. जतकडचा.
पाच वर्षं, रोज दोन वेळा.
काट्याच्या पावत्यांवर डाग पडू नये म्हणून
आधी एक रद्दीचा कागद सारायचा, मग त्यावर पेला.
पाच वर्षं मी त्याच्याकडं बघितलं नव्हतं
आणि सगळं बघून ठेवलं होतं.
भुवई. दहा नंबर. "च-चहा, मेहताजी."

खोट्यालाही भांडवल लागतं.
ते मी त्याचं उचललं होतं.

एक कान सुजून लाल कांद्याएवढा झाला होता.
मला बघितलं आणि तोंडावर उजेड आला त्याच्या,
"मे-मेहताजी, सां-सांगा ना यांना."
त्याला वाटलं, मी सोडवायला आलोय.

जमा-नावे मला कुणी शिकवायला नको.
इकडं जमा झालं की तिकडं कुणाच्या तरी नावे पडतंच.
मी नाव तेवढं कोरं सोडलं होतं.
ते सरकारनं भरलं.

"माझा भाऊ अडखळतो," बाई म्हणाल्या.
"सगळ्यात अडखळतो. शिवी मात्र सरळ देतो.
मला तेव्हाच कळलं होतं."
मी बिरूच्या कानाकडं बघितलं.
"तो रात्रपाळीचा," त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडं वळल्या.
"दोनशे सतरा लागेल तुम्हाला. वर्षभर, नाहीतर दहा हजार.
जबाब बदलायचाय?"

दहा हजार. मी मनात भागून बघितलं,
एक लाख ब्याऐंशीत किती वेळा जातात.
सवय.

तेवढ्यात हवालदारानं चहा आणला.
पेला पंचनाम्याच्या वहीवर टेकवणार,
इतक्यात बिरूनं बेडीसकट हात लांबवला
आणि टेबलावरचा हाताला लागेल तो कागद
घाईघाईनं पेल्याखाली सारला.

वाचता येत नाही त्याला.
माझा जबाब होता तो.