सहावा जन्म

पहाटे चारला इंचॉनच्या चढावर
आम्ही दोघंच जागे असतो.
मी खोकी टाकायला येतो,
ती खोकी उचलायला.

तिचा हातगाडा माझ्या गाडीपेक्षा जुना.
एका चाकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
दांड्याला लाल रबरी हातमोजा अडकवलेला,
एकच.
दुसरा तिच्या डाव्या हातात.

मला ती 'पार्सल' म्हणते.
माझं नाव दो-ग्यॉम, हे मी दोनदा सांगितलं.
"बरं, पार्सल," म्हणाली.

तिचं नाव मला एका खोक्यानेच कळलं.
वर्षातून एकदा येतं तिच्या पत्त्यावर,
सुकी मासळी, लोकरी पायमोजे.
ग्वाक मल्लाम.
म्हणजे, पुढचा तरी मुलगा होवो.
"झाला का?" मी विचारलं.
"चार वर्षांनी. त्याचं नाव छान ठेवलं."
तोवर मासळी उंबऱ्यावर
आणि खोकं सपाट होऊन गाड्यात.

परवा एक वेगळंच आलं.
उकडलेल्या शेंगेच्या सालाचा रंग,
चिकटपट्टीसुद्धा कागदाची,
कडेला हिरवं पान, खाली मुंगीएवढी अक्षरं.
तिचा चष्मा घरी. "वाच."
मी वाचलं:
हा माझा सहावा जन्म आहे. मला पुन्हा वापरा.

ती दांड्याला टेकली.
हसू दाबून धरलं, मग धरवेना.
"सहा वेळा जन्मलं मेलं,
आणि सहाही वेळा खोकंच?"

मी शहाणपण शिकवायला गेलो.
लगदा होताना दर वेळी तंतू तुटतो, आखूड होतो,
मग एकमेकांना धरून राहण्याइतकी लांबी उरत नाही,
मग अंड्यांचे ट्रे,
मग तेही नाही.
"आखूड तर मीही झालेय," ती म्हणाली,
"चार बोटं. दवाखान्यात मोजलं."

मग तिने ते तळहातावर घेतलं,
भाजीवाली गिऱ्हाइकाला नजरेने तोलते तसं तोललं.
"हलकं आहे."
हलकं म्हणजे चांगलं, असं आमच्याकडे समजतात,
जहाजात, ट्रकात, जाहिरातीत.
तिला किलोवर पैसे मिळतात.

उताराच्या तळाशी वखार आहे,
तिथला काटा मालकाचं ऐकतो.
पावसात ओल म्हणून वजन कापतो.
"काहीजण मुद्दाम पाणी मारतात," ती म्हणाली.
मी गप्प.
ती खोकं गाड्यात खोचत राहिली, बराच वेळ,
जागा होती तरी.
"एकदा. रॉकेल महागलं त्या वर्षी.
अर्धी बादली.
त्याने ओळखलं, आणि पैसे पुरते दिले.
तेव्हापासून त्याच्या दारातलं बर्फ झाडते मी.
शिव्या देत झाडते."

जानेवारीत चार दिवस ती दिसली नाही.
दारोदार खोकी साचली, हिटरची, संत्र्यांची,
एक मुलाच्या पहिल्या बुटांचं,
आत अजून पातळ कागद.
पाचव्या पहाटे मी इंजिन चालू ठेवून
सतरा खोकी मोडली, पट्ट्या सोलल्या,
लोकांची नावं नखाने खरवडली
आणि तिच्या भिंतीशी सुतळीने बांधून आलो.
अकरा पार्सलं उशिरा पोचली.
कंपनीचा फोन आला.
रस्ता निसरडा होता, असं सांगितलं.
होताच.

सहाव्या पहाटे ती.
डावं मनगट बांधलेलं,
लाल मोजा आता उजव्या हातात.
माझा गठ्ठा सोडून पुन्हा रचत होती.
"पन्हळी उभ्या लावतं का कुणी?
उतारावर सगळं घसरेल.
कुणी शिकवलं तुला, पार्सल?"

कुणीच नाही, मी म्हणालो.

"दिसतंय ते."
आणि सुतळीचं एक टोक
न बघता माझ्याकडे केलं.
"धर. ओढू नको, नुसतं धर."