वेगळ्या खिळ्यावरचा टॉवेल

सतरा वर्षं मी तो धडा घरी वाचायला दिला.
"परीक्षेला फारसं येत नाही," म्हणायचो,
आणि फळ्यावर निम्मी काढलेली आकृती पुसून टाकायचो.
मागच्या बाकांवर खसखस पिकायची.
मुली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायच्या,
तीच बोटं, जी शाळा सुटल्यावर विडीची पानं कापतात
आणि हजाराला किती कमी पडल्या ते न बघता सांगतात.

शाळेच्या भिंतीला लागून माग आहेत. खटाखट, दिवसभर.
आम्ही सगळेच इथं जरा ओरडून शिकवतो.
हा धडा ओरडून कसा शिकवायचा,
असं मी म्हणायचो. लोकांना पटायचं.

यंदा चिलवेरी मॅडमनी शेंगाचटणीचा रिकामा डबा दिला,
झाकणाला फट पाडून. नाव नको, नुसता प्रश्न.
चिठ्ठ्यांना लसणाचा वास.
डास चावल्यानं होतो का.
मिशी येत नाही, मी आजारी आहे का.
पाळीत लोणच्याला हात लावला, खरंच नासतं का.
एक कोरीच, चार घड्या घातलेली.
आणि एक विडीच्या लेबलामागं, पेन्सिलीनं:
"आई पप्पांचा टॉवेल वेगळा ठेवते.
मी चुकून त्याला तोंड पुसलं. मी मरणार का?"

नागेशअण्णा,
अख्ख्या मुलखाचं अंग पुसणारे टॉवेल आपल्या घरात विणले जायचे,
तू गठ्ठे घेऊन इंदूरला जायचास.
तुझा मात्र एकच, निळ्या काठाचा,
न्हाणीमागं, वेगळ्या खिळ्यावर.
ताट वेगळं. तांब्या वेगळा.
शेजारणीला अम्मा टायफॉईड सांगायची.
तू गेलास, तेव्हा तो टॉवेल मी काठीनं उचलून जाळला.
मी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला,
सूक्ष्मजीवशास्त्र विषय घेतलेला.

तेलुगूत सिग्गू, कन्नडमध्ये नाचिके, मराठीत लाज.
आमच्या वर्गाला तिन्ही भाषा येतात.
त्या दिवशी तिघींनाही दाराबाहेर उभं केलं.

चिठ्ठी मोठ्यानं वाचली नाही.
म्हणालो, टॉवेलनं होत नाही.
ताटानं नाही, डासानं नाही, जवळ बसल्यानं नाही.
मग कशानं होतो तेही सांगितलं, शब्द न गिळता:
कंडोमशिवाय आलेला संबंध, दुसऱ्याला टोचलेली सुई,
न तपासलेलं रक्त, आईकडून बाळाला,
आणि आईनं वेळेत औषध घेतलं तर तेही बहुतेक टळतं.
कंडोम म्हणताना आवाज फाटला.
हसले. हसू दिलं.
सिव्हिलमध्ये गोळी मिळते, फुकट, रोज घ्यायची.
नेमानं घेणारा माणूस म्हातारा होतो,
गड्ड्याच्या जत्रेत नातवाला पाळण्यात बसवतो.
हे शेवटचं पुस्तकात नव्हतं.

तबस्सुम बागवाननं हात वर केला, वर्षात पहिल्यांदा.
"सर, नाही म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं?"
मला नीट सांगता आलं नाही. उद्या बोलू म्हणालो.
दुसऱ्या दिवशी बोललो खरं,
म्हणजे जास्त तीच बोलली.

शनिवारी दोन पालक आले.
एकजण चहा न घेता गेला.
दुसरा बसून राहिला, कपात बघत,
मग विचारलं, सिव्हिलमध्ये कुठल्या नंबरची खोली.
चिठ्ठी कुणाची ते मी शोधलं नाही. आताही शोधत नाहीय.

आमच्या न्हाणीमागचा खिळा अजून आहे.
भिंतीला तीनदा रंग दिला, दरवेळी त्याच्या कडेकडेनं.
काल अंघोळ करून माझा टॉवेल तिथंच टाकला, ओला.
सकाळी मधोमध गंजाचा डाग.
बायको म्हणाली, हा आता निघायचा नाही.
राहू दे, म्हटलं,
आणि त्यालाच तोंड पुसून शाळेत गेलो.