अधिकृत आवृत्ती

महिनाभर पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी पट्टी:
ही चाचणी आवृत्ती एकतीस मार्चला संपेल.
आधी मी तिला हसलो.
मग माशी बसली तरी ती हाकलून
तारीखच बघायला लागलो.

वाळपईपलीकडची आमची दूध सोसायटी.
पहाटे साडेपाचला कॅन, बाटल्या, कुणाचा झाकण हरवलेला डबा,
आणि वाऱ्यावर कुजत्या बोंडूंचा आंबूस वास.
पर्वरीच्या ग्लेनिशानं बसवून दिलेला प्रोग्राम
चौदा महिने मी चालवला,
म्हणजे चौदा महिने त्याच्या चुका वेचल्या.
चार पॉइंट शून्य पाच फॅटला तो साडेचार म्हणायचा
(गाईवाले त्या आठवड्यात फार नम्र बोलत).
वीज गेली की लवू माजिकाला
गावातला सगळ्यांत मोठा कर्जदार करायचा.
सगळं लिहून कळवलं.
उत्तरात ती फक्त अंगठा पाठवायची.

एक चूक तेवढी कळवली नाही.
खातं त्रेसष्ट, शेवंती गावस:
तिची पावती दोनदा यायची.
पहिल्या दिवशी दुसरी मी चुरगाळली,
तिनं ती माझ्या मुठीतून सोडवली,
काउंटरवर तळव्यानं सपाट केली.
"एक घोवाक, एक म्हाका."
तेव्हापासून तिच्या कमरेच्या पिशवीत
लिटर, फॅट, रुपये
घडीवर घडी साठत गेले.

काल रात्री जुनं काढलं, नवं घातलं.
पट्टी गेली. पडदा इतका स्वच्छ
की इथं कधी कुणी चुकलंच नसावं.
चार पॉइंट शून्य पाच म्हणजे आता तेवढंच.
लवू ऋणमुक्त.

आणि शेवंतीची पावती आली. एक.
ती हलली नाही. मागे रांग खोकली.
मी 'दुसरी प्रत' दाबलं.
नव्या आवृत्तीनं अदबीनं विचारलं:
कारण लिहा, किमान दहा अक्षरं.
'हवी आहे' लिहिलं. कमी पडलं.
बोटं थोडा वेळ तशीच.
मग लिहिलं: हिशेब तिचाही आहे.

प्रिंटर खरखरला.
नोंदीत राहतं म्हणे आता सगळं;
उद्या पर्वरीत ग्लेनिशा वाचेल.
बघू,
अंगठा येतो का.