कडता

सीपीआरच्या दुसऱ्या मजल्यावर
दोघांना दोन कागद दिले, सारखेच.
चौदा प्रश्न. शून्य म्हणजे कधीच नाही,
तीन म्हणजे रोजचंच.
आण्णांना आत नेलं, मला बाकावर बसवलं,
मध्ये नुसता हिरवा पडदा.

बाई तरुण होत्या. समजावून सांगत होत्या,
तुमच्या आकड्यातून त्यांचा आकडा वजा करायचा,
उरेल तेवढं
त्यांना स्वतःच्या आजाराचं भान नाही.

उरेल तेवढं.
शाहूपुरीत गुळाच्या सौद्याला छत्तीस वर्षं
माझ्या बापानं हेच केलं,
रवा काट्यावर चढवायचा,
बारदान वजा, ओल वजा, कडता वजा,
उरेल ते खणखणीत पुकारायचं.
तोलार कृष्णात बोलला की
शेतकरीही गप्प, अडत्याही गप्प.

पडद्याआडून ऐकू येत होतं.
वस्तू कुठं ठेवली विसरता? – छ्या.
वाट चुकता? – कोल्हापुरात? मी?
(गेल्या बुधवारी रंकाळ्यावर,
एका पायात माझी चप्पल,
कणसाच्या गाडीवाल्यानं फोन केला.)
हिशेबात गडबड? – बाई, रवा नुसता उचलून सांगतो,
अर्धा किलो हिकडं-तिकडं न्हाई.
कामात मन लागत नाही?
– काम देतंय कोण?
इथं तेवढे दोन मिळाले.

माझ्या कागदावर तीन, तीन, दोन, तीन.
पेन दाबून लिहिलं.
गॅस चालू राहतो त्याचे तीन.
शालन मला उपाशी ठेवते, असं
शेजारच्या मालूताईंना सांगतात, त्याचे तीन.
खरं तर दोनदाच सांगितलं.
पण त्या आठवड्यात मला झोप नव्हती,
तीही त्यातच तोलली.

एकतीस वजा दोन.
बाई पुटपुटत होत्या तेवढ्यात
आण्णा बाहेर येऊन टेबलावर वाकले.
काय तोलताय?
काही नाही काका, फॉर्म आहे.
रिकामा काटा बघितला का आधी?
पारडं अगोदरच झुकलेलं असतंय कधीकधी,
पासंग लावाय लागतोय.
हे बोलले ते माझ्याकडं बघत.
मी पेनाचं टोपण शोधू लागले.

चौदांत एकाच ठिकाणी आमचा फरक शून्य निघाला.
अकरावा. जवळच्या माणसांना ओळखण्यात अडचण?
त्यांचं शून्य, माझंही शून्य.
बाईंनी तिथं बरोबरची खूण केली.

रिक्षा मार्केट यार्डावरून वळली,
गुळाचा ओलसर वास आत शिरला
आणि आण्णा ताठ बसले.
माझ्या मांडीवरची फाईल उचलून
तळव्यावर वरखाली केली.
पाव किलो भरत न्हाई, म्हणाले.

मग जरा वेळानं, अगदी अदबीनं,
ताई, तुमी कुठं उतरणार?

इथंच, म्हटलं. तुमच्या घराजवळ.